बाळांचा उतार

भूजच्या भूकंपानंतर दिल्लीतल्या भूकंपांचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेचे फोन वाजायचे थांबेनात. वर्तमानपत्रवाले फोन करायचे, बिल्डर करायचे, आणि गुडगावच्या नव्या टॉवरमध्ये ज्यांनी घरं बुक केली होती ते तर रोज करायचे. या सगळ्यांना उत्तरं देण्याचं काम डॉ. हरिदास बाळांकडे आलं. ते सर्वांत ज्येष्ठ होते आणि त्यांना न चिडता बोलता येत असे. त्यामुळे लडाखच्या भूकंपमापन केंद्रांवरून येणाऱ्या नोंदी तपासण्याचं काम, जे एरवी दोघं मिळून करायचे, त्या वर्षी मीनाक्षीवर एकटीवर पडलं.

मीनाक्षी ही बाळ सरांची विद्यार्थिनी. पुण्याहून एम.एस्सी. होऊन आली तेव्हा सरांनीच तिला आपल्या हाताखाली घेतलं. पीएच.डी. त्यांच्याकडे, नोकरी त्यांच्या शिफारशीने, आणि राजीवशी लग्न ठरलं तेव्हा दिल्लीतलं केळवणही लक्ष्मीबाई नगरच्या त्यांच्या क्वार्टरमध्येच झालं होतं. आता ती चाळिशीला आली होती. सर नोव्हेंबरअखेर निवृत्त होणार होते.

त्यांचं काम सांगायला सोपं होतं. जपानला किंवा इंडोनेशियात मोठा भूकंप झाला की त्याच्या लहरी पृथ्वीच्या पोटातून प्रवास करून लडाखच्या खाली पोचतात आणि तिथून वर येतात. वर येताना त्यांना पृथ्वीच्या बाहेरच्या कवचाचा तळ ओलांडावा लागतो. तिथे लहरीचा काही भाग रूप बदलतो, मंदावतो आणि पहिल्या धक्क्यानंतर काही सेकंदांनी पृष्ठभागावर पोचतो. हे मागे राहणं मोजलं की कवच किती जाड आहे ते कळतं. तिबेटच्या पठाराखाली ते इतर ठिकाणच्या जवळजवळ दुप्पट जाड आहे, हे सर्वांनाच मान्य होतं. वाद होता तो पठाराच्या कडेला नक्की काय होतं याबद्दल. कवच तिथे हळूहळू जाड होत जातं की एकदम?

बाळ सरांनी या वादात एक वेगळीच गोष्ट आणली होती. लडाखच्या पश्चिम कडेला एका गावात त्यांनी स्वतः एक केंद्र बसवलं होतं. तिथल्या नोंदींवरून त्यांनी मांडलं की कडेखाली कवचाचा तळ उत्तरेकडे तर उतरतोच, पण पश्चिमेकडेही चांगलाच कलतो, एक पाय आखूड असलेल्या बाजेसारखा. सुरुवातीला लोक हसले. मग हळूहळू परदेशातल्या दोन-तीन गटांनी ते उचललं, आणि बघता बघता त्याला 'बाळांचा उतार' म्हणायला लागले. सरांना ते नाव आवडायचं, पण स्वतः बोलताना ते नेहमी 'तो पश्चिमेचा उतार' असंच म्हणत.

मे महिन्यात मीनाक्षीला त्या उताराबद्दल शंका आली.

ती खरं तर दुसरंच काहीतरी तपासत होती. लांबून आलेल्या लहरीचा पहिला धक्का जमिनीला भूकंपाच्याच रेषेत हलवतो. म्हणून तिने प्रत्येक नोंदीवरून धक्का कुठून आला असं दिसतं ते काढलं, आणि भूकंप खरोखर जिथे झाला होता त्या दिशेशी ताडून पाहिलं. बाकीच्या केंद्रांवर दोन्ही दिशा जवळपास जुळत होत्या. सरांच्या केंद्रावर जुळत नव्हत्या. तेवढ्याने काही बिघडत नव्हतं, कारण तळ कललेला असेल तर लहरी वाकड्या येणारच. पण मग जपानकडून आलेली लहर एका बाजूला वाकली तर भूमध्य समुद्राकडून आलेली दुसऱ्या बाजूला वाकायला हवी. इथे सगळ्या एकाच बाजूला आणि सारख्याच वाकत होत्या. भूकंप कुठलाही असो, चूक तेवढीच.

याचा अर्थ एकच निघत होता. जमीन कललेली नव्हती, यंत्र फिरलेलं होतं. त्यावरचा उत्तरेचा बाण उत्तरेकडे नव्हता.

तिने ते गणित आठवडाभर पुनःपुन्हा केलं. वर्षवार वेगळं करून पाहिलं, मध्ये कुणाचा धक्का लागून यंत्र हललं असेल म्हणून. तसं काही नव्हतं. चूक पहिल्या दिवसापासून होती.

घरी तिने राजीवला सांगितलं. राजीव मानेसरला मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीचा प्रमुख होता. दोघं दोन वर्षांपूर्वीच गुडगावला राहायला आले होते, त्याला कंपनीच्या बसने सोयीचं पडावं म्हणून.

"मग प्रॉब्लेम काय आहे?" त्याने विचारलं. "आमच्याकडे माप घ्यायचा गेज चुकीचा निघाला तर त्या गेजने तपासलेला सगळा माल परत बोलावतात. कोणी बोंबलत नाही. कस्टमरला फोन करायचा, सांगायचं."

"गेज सरांनी लावलाय."

"अच्छा," राजीव म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिने आलेख सरांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी चष्मा पुसला, आलेख एकेक करून पाहिले, पुन्हा पहिल्यापासून पाहिले.

"उत्तर दिशा मी स्वतः लावली आहे," ते म्हणाले. "होकायंत्र घेऊन. किल्ल्या, घड्याळ, पट्टा सगळं अंगणात काढून ठेवलं होतं."

"हो सर. आम्हाला तुम्ही तसंच शिकवलंत."

"मग?"

"मला माहीत नाही. फक्त हे असं दिसतंय."

सरांनी आलेख सरळ करून तिच्याकडे सरकवले. "नोंदी थोड्या आहेत अजून. वाढू देत," ते म्हणाले आणि फोन घेतला. फोनवर नोएडातला कोणी बँक मॅनेजर होता. सर त्याला सातव्या मजल्याबद्दल शांतपणे समजावत राहिले.

त्यानंतर महिनाभर त्यांनी तो विषय काढला नाही. चहाला तिला हाक मारायची त्यांची सवय होती, तीही बंद झाली. भांडण असं काही झालं नाही. समोरासमोर आले की ते "कसं चाललंय?" म्हणायचे आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायचे.

जूनच्या शेवटी चंद्रप्रभाबाईंचा, सरांच्या पत्नीचा, फोन आला. त्या पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. क्वार्टर सोडायचं होतं म्हणून त्यांनी गुडगावलाच एक फ्लॅट घेतला होता, आणि पडद्यांची मापं घ्यायला त्या तिथे आल्या होत्या. मीनाक्षी मदतीला गेली. लिफ्ट अजून चालू नव्हती. रिकाम्या खोलीत दोघी खिडकीशी उभ्या राहिल्या. खाली पूर्वी मोहरीचं शेत होतं तिथे आता पायलिंगचं मशीन खांब ठोकत होतं, आणि प्रत्येक ठोक्याला खिडकीची काच थरथरत होती.

"ह्यांचं काय बिनसलंय गं?" चंद्रप्रभाबाईंनी टेप गुंडाळत विचारलं. "जेवताना मधेच हात थांबतो. विचारलं तर म्हणतात, काही नाही, बिल्कुल ठीक आहे."

मीनाक्षीने जे होतं ते सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं.

"तुला खात्री आहे?"

"गणिताची आहे, काकू. पण तिथे जाऊन मोजल्याशिवाय पूर्ण नाही."

"मग जा ना मोजून ये. हे असं मधल्यामध्ये लटकणं वाईट." जिना उतरताना त्या म्हणाल्या, "त्यांना न विचारता जाऊ नकोस फक्त."

मीनाक्षीने विचारलं. सरांनी दौऱ्याच्या कागदावर सही केली. त्यांना स्वतःला जाता येण्यासारखं नव्हतं, दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तेवढ्या उंचीवर जायला मनाई केली होती. सही झाल्यावर कागद परत न देता त्यांनी थोडा वेळ हातात धरला.

"होकायंत्र वापरू नकोस," ते म्हणाले. "सूर्यावरून काढ. मी गेलो तेव्हा तीन दिवस ढग होते."

ऑगस्टमध्ये ती त्या गावी पोचली. केंद्र एका घराच्या मागच्या खोलीत होतं. मातीच्या जाड भिंती, एका कोपऱ्यात सिमेंटचा ओटा आणि त्यावर झाकून ठेवलेलं यंत्र. बाहेर अंगणात तिने ओळंबा लावून एक काठी उभी केली आणि तिच्याभोवती दोरीने वर्तुळ काढलं. सकाळी काठीच्या सावलीचं टोक वर्तुळाला जिथे टेकलं तिथे एक खिळा ठोकला, दुपार कलल्यावर ते पुन्हा जिथे टेकलं तिथे दुसरा. दोन्ही खिळ्यांना जोडणारी रेषा म्हणजे पूर्व-पश्चिम. तिच्यावर लंब काढून ती उत्तरेची दोरी दारातून आत ओट्यापर्यंत ताणली. यंत्रावरचा बाण दोरीपासून अठरा अंश बाजूला होता. तिच्या गणितात सतरा आले होते.

दुसऱ्या दिवशी तिने सगळं पुन्हा केलं. तेच आलं.

मग होकायंत्र काढून ती खोलीभर फिरली. दाराशी सुई ठीक होती. ओट्याशी आली की वळायची, आणि भिंतीलगत खाली नेली की आणखी वळायची. घराच्या मालकाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, हो, भिंतीच्या पायात लोखंड आहे. नाल्यावरचा जुना पूल सरकारने मोडला तेव्हा त्याच्या वडिलांनी गर्डरचा एक तुकडा उचलून आणला होता आणि भिंत खचू नये म्हणून पायात घातला होता. वर मातीचा गिलावा होता, बाहेरून काही दिसण्यासारखं नव्हतं. हे त्याने कधी सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं.

रस्त्यावरच्या एसटीडी बूथवरून तिने दिल्लीला फोन लावला. सर घरीच होते.

"अठरा अंश, सर."

खरखरीतून सरांचा आवाज आला.

"दोनदा मोजलंस?"

"हो. दोन दिवस."

"कारण?"

तिने गर्डरचं सांगितलं. सर म्हणाले, "भिंतीत." मग म्हणाले, "ठीक आहे. परत आलीस की बोलू. तिथे दुपारनंतर वारा सुटतो, डोकं झाकून राहा."

दिल्लीत परतल्यावर तिने जुन्या सगळ्या नोंदी अठरा अंशांनी फिरवून पुन्हा गणित केलं. उत्तरेकडचा उतार होता तसाच राहिला. कवचाची जाडीही फारशी बदलली नाही. पश्चिमेचा उतार मात्र गेला. राहिलं ते इतकं किरकोळ होतं की त्याला उतार म्हणता आलं नसतं.

सरांनी नवे आलेख पाहिले. या वेळी चष्मा पुसला नाही.

"छापायला लागेल," ते म्हणाले.

"हो सर."

"परिसंवाद वीस नोव्हेंबरला आहे. बाहेरून माणसं येणार आहेत, त्यातली निम्मी या उतारावरच बोलणार." ते खिडकीबाहेर पाहत होते. "तीस तारखेनंतर पाठवलंस तर चालेल का? मी तुला सांगत नाहीये. विचारतोय."

मीनाक्षीला वाटलं होतं की असं काही त्यांनी म्हटलं तर तिला राग येईल. तसा तो आला नाही. या माणसाने तिच्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं.

"चालेल, सर," ती म्हणाली.

परिसंवादाला सभागृह भरलं होतं. सरांना शाल-श्रीफळ देऊन झालं, संचालकांचं भाषण झालं. मग सरांचं व्याख्यान. ते लडाखच्या केंद्रांबद्दल बोलले, थंडीत बॅटऱ्या कशा मरत, खेचरांवरून यंत्रं कशी नेली, जाडीचे आकडे हळूहळू कसे पक्के होत गेले. पश्चिमेच्या उताराचा त्यांनी उल्लेखही केला नाही. लोकांना ती विनयशीलता वाटली असावी.

दुपारी सिद्धांतचं भाषण होतं. हा मूळचा साताऱ्याचा मुलगा. दोन वर्षं याच संस्थेत प्रकल्पावर काम करून पुढे जर्मनीला पीएच.डी.ला गेला होता. लडाखच्या केंद्राच्या नोंदी त्याला सरांनीच दिल्या होत्या. मीनाक्षीला तो काय करतोय याची ढोबळ कल्पना होती. पण पडद्यावर एकामागून एक चित्रं येऊ लागली तशी ती खुर्चीत ताठ झाली. सिद्धांतने उतार तपासला नव्हता, गृहीत धरला होता. तो पाया मानून त्याने पठाराच्या कडेचा खडक पश्चिमेकडे कसा वाहत गेला याचं मोठं, देखणं प्रतिरूप उभं केलं होतं. तिने पहिल्या रांगेकडे पाहिलं. सरांची मान किंचित पुढे झुकलेली होती.

भाषण संपलं, टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी प्रश्न विचारायला सांगितल्यावर सर उभे राहिले.

"त्या केंद्राची उत्तर दिशा तुम्ही कशी तपासलीत?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

सिद्धांत हसला. "सर, ती तुम्ही लावली होती."

सभागृहही हसलं. सर हसले नाहीत.

"म्हणूनच विचारतोय. ती अठरा अंशांनी चुकलेली आहे. मीनाक्षीने ऑगस्टमध्ये तिथे जाऊन मोजलं. दुरुस्त केल्यावर पश्चिमेचा उतार उरत नाही. हे मी सकाळी सांगायला हवं होतं."

ते खाली बसले. अध्यक्षांनी माईक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. कोणीतरी मागून विचारलं, "उरत नाही म्हणजे?" तेव्हा मीनाक्षीला उठावं लागलं. तिच्याकडे आलेख नव्हते. फळ्यावर खडूने तिने काठी, वर्तुळ आणि दोन खिळे काढले, गर्डरचं सांगितलं, आणि सगळ्या दिशांनी चूक सारखी कशी येते ते समजावलं. दहा-बारा प्रश्न आले. दोन खोचक होते, बाकीचे साधे. सिद्धांत मंचावरच उभा होता. त्याने एकही प्रश्न विचारला नाही.

चहाच्या वेळी तो तिच्यापाशी आला आणि मराठीत बोलला.

"मॅडम, तुम्हाला ऑगस्टपासून माहीत होतं?"

"हो."

"मी सप्टेंबरमध्ये तुम्हाला मेल केली होती. प्रबंध फेब्रुवारीत देतोय म्हणून. तुम्ही शुभेच्छा दिल्यात."

मीनाक्षीला ती मेल आठवली. प्रबंधाचं नाव तिने वाचलं होतं, आत काय असेल याचा विचार केला नव्हता. खरं तर करायचा टाळला होता.

"मी सांगायला हवं होतं," ती म्हणाली.

"सरांनी थांबायला सांगितलं असेल."

"त्यांनी विचारलं होतं. हो मी म्हटलं."

सिद्धांतने मान हलवली, कप ठेवला आणि निघून गेला. रात्रीच्या जेवणाला तो थांबला नाही.

डिसेंबरात बाळ पतीपत्नी गुडगावला राहायला आले. लेख त्यांच्याच जेवणाच्या टेबलावर लिहिला गेला. पायलिंग संपून समोर आता स्लॅब पडत होते आणि दिवसभर मिक्सर चालू असे. मसुद्यावर मीनाक्षीने आपलं नाव पहिलं आणि सरांचं दुसरं टाकलं होतं, कारण मोजणी तिची होती. सरांनी पेन्सिलने बाण काढून नावांची अदलाबदल केली.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "तिच्यावर पहिलं नाव तुझं कशाला?"

चंद्रप्रभाबाई थालीपीठ घेऊन आल्या. "आता तरी नीट जेवा," त्या म्हणाल्या, आणि सर खरोखरच नीट जेवले.

लेख छापून आला. त्यावर फारशी चर्चा झाली नाही. बाळांच्या उताराचे संदर्भ पुढे काही वर्षं अधूनमधून कुठेतरी येत राहिले, तेव्हा मीनाक्षी त्या लेखकाला दोन ओळींची मेल पाठवायची. पुढच्या उन्हाळ्यात तिने बाकीच्या सगळ्या केंद्रांवर जाऊन सावली मोजली. एक केंद्र थोडं चुकलेलं निघालं, ते तिचं स्वतःचं होतं.

सिद्धांतला प्रबंध जवळजवळ नव्याने करावा लागला. त्यात त्याचं दीड वर्ष गेलं, आणि मधल्या काळात ठरलेली एक नोकरीही हातची गेली, असं तिला दुसऱ्यांकडून कळलं. तिने त्याला दोनदा लिहिलं. पहिल्याला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला आलं, सभ्य आणि कोरडं. मोजणीच्या तक्त्याबद्दल त्याला एक शंका होती, तेवढीच विचारली होती.

प्रबंध पूर्ण झाल्यावर त्याने एक प्रत सरांना पाठवली. मीनाक्षीला पाठवली नाही. एका रविवारी ती सरांकडे गेली तेव्हा तो निळा ग्रंथ टीपॉयवर होता. सरांनी तो तिच्या हातात दिला.

"वाच. चांगलं केलंय त्याने. उत्तरेकडे तळ एकदम नाही, टप्प्याटप्प्याने खाली जातो असं दाखवलंय. आपल्याला ते दिसलंच नसतं, आपण पश्चिमेला बघत होतो."

तिने पानं चाळली. पहिल्याच प्रकरणात अठरा अंशांचा उल्लेख होता, दोघांच्या लेखाचा संदर्भ होता. ऋणनिर्देशात सरांचं नाव होतं. तिचं नव्हतं. तिने ते पान दोनदा वाचलं. सर तिच्याकडे बघत होते हे तिला कळत होतं.

"ते थांबणं मी मागितलं होतं तुझ्याकडे," ते म्हणाले. "त्याला मी लिहिलंय तसं."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, मला माहीत आहे."

मीनाक्षीने ग्रंथ मिटला नाही. तिसऱ्या प्रकरणापाशी तिला पेन्सिलच्या खुणा दिसल्या, समासात सरांचं बारीक अक्षर होतं.

"इथे घाई केलीय त्याने," सर खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. "हा दुसरा टप्पा बघ. नोंदी किती आहेत त्याला?"

तिने मोजायला सुरुवात केली.